पेटत्या भट्टीपुढची बोलणी

बसा असे जवळ. एकदा सरकारी बाईंनी तारीख द्यायला साफ नकार दिला, त्याची गोष्ट सांगतो. थाप वाटेल, पण ऐका तर खरं.

काचेच्या बाटल्यांचा कारखाना. मालकानं फाटकावर कागद चिकटवला: महिनाअखेर बंद. दोनशे घरांच्या पोटावर पाय! भांडण गेलं लेबर ऑफिसात, तिथल्या बाईंच्या टेबलावर. बाई कामाला वाघ, पण करणार काय? दोघांना समोरासमोर बसवायचं, समजूत घालायची, नाही जमलं तर पुढची तारीख. कामगार मागून ‘तारीखबाई’ म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं, आणि झोंबायचंही.

त्या दिवशी मालकांशेजारी बसलेला मॅनेजर लोण्याहून मऊ. "घाई कशाला बाई? पंधरा दिवसांनी बसू. तोवर भट्टी विझवतो, उगाच जळतेय."

बाईंनी पेन उचललं, तसे मागच्या बाकावरून भट्टीवाले आबा ताडकन उठले.

"पेन ठेवा बाई! विझवली की संपलं."

"काय संपलं?"

"घरची चूल आहे का ती, सकाळी पेटवली, दुपारी विझवली? नऊ वर्षं अखंड जळतेय. गार झाली की आतली काच दगड होते, भिंती तडकतात. मग समेट करून काय मढ्याला काजळ घालायचं?"

बाईंनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनं छताकडे.

"भट्टी तशीही मरायला टेकलीय," मालक पहिल्यांदाच बोलले. "आतल्या काचेनं भिंत खाल्लीय. म्हणून तर बंद करतोय."

"पेटत्यावर डागडुजी होते, मालक."

"बोलायला काय जातंय!"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "तारीख मिळणार नाही. बोलणी चालू असताना कारखान्यातलं काही बदलायचं नाही, कायदा आहे. उरलेली बैठक भट्टीपुढं. चला!"

भट्टीपुढं उभं राहायचं म्हणजे भुवया भाजायच्या. भिंतीत ताटाएवढा डाग लालभडक झालेला. आबा आणि चौघं जण आळीपाळीनं पुढं जायचे, लांब सळईनं नवी वीट डागावर टेकवायचे, वरून वाऱ्याचा झोत मारायचे. गारव्यानं आतली काच थिजते आणि आपणच भोक बुजवते. तिसरी वीट घसरून फुटली. आबांनी बाईंकडे बघून शिवी गिळली.

"द्या हो शिवी," बाई म्हणाल्या, "मी लिहून घेत नाहीये."

सगळे खो खो हसले. आबांनी मनसोक्त शिवी घातली आणि पुढची वीट अशी बसवली की हलेना. बघता बघता लाल डाग काळा पडला.

मालक पुढं झाले. "किती काढेल?"

"दोन वर्षं तरी. तोवर नवीची तयारी करा."

"मग आधी का नाही बोललात?"

"बोललो की. मॅनेजरसाहेबांना, तीनदा."

मॅनेजर चष्मा पुसत बसला, पुसून पुसून काच झिजायची वेळ आली!

उलट्या खोक्यावर बाईंनी समेट लिहिला: नोटीस मागे, भट्टी चालू, एकही माणूस कमी नाही. सह्या झाल्या. मालकांनी फाटकावरचा कागद स्वतः टराटरा फाडला. पोरांनी सळया आपटून कारखाना दणाणून सोडला, आणि समेटानंतरची पहिली गरम बाटली पट्ट्यावरून पुढं सरकली तेव्हा तोंडाला काजळी माखलेल्या बाई सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या पिटत होत्या.

आता एक काम करा माझं. त्या कारखान्याच्या रस्त्यानं गेलात तर धुराड्याकडे बघा. धूर असणारच, मला ठाऊक आहे. तरी येऊन सांगा, ऐकायला बरं वाटतं.