काकांच्या बाटल्या

जावई म्हणजे दहावा ग्रह, हे काकांना कुणी शिकवायला नको होतं. पण हा ग्रह त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसे, आणि वरून गोड बोले. तिथेच पाणी मुरत होतं.

तीस वर्षं काकांनी दंतवैद्यांसाठी चिनीमातीचे दात रंगवले. तो धंदा यंत्रांनी गिळला तेव्हा जावयानेच त्यांना आपल्या प्रयोगशाळेत आणलं. तिथे मक्याचा स्टार्च आणि हाडातलं खनिज कालवून बारीक भोकांचे ठोकळे करत. मोडक्या हाडाच्या पोकळीत ठोकळा बसवायचा. भोकांतून नवं हाड वाढतं आणि ठोकळा सावकाश विरतो. सावकाश, हे महत्त्वाचं. काका भोकांतली भुकटी कुंचल्याने झाडत. मग जावई ते ठोकळे अंगाइतक्या कोमट खारट पाण्याच्या बाटल्यांत ठेवी. आठ आठवडे टिकले तर पास.

जावयाने झाडलेले टिकत. काकांचे चौथ्या दिवशी भिजल्या बिस्किटासारखे बसत.

"माझ्या बाटल्यांत काय घालता, जावईबापू?"

"तेच पाणी, काका. एकाच पिंपातलं."

म्हाताऱ्याला घरी बसवायचा डाव आहे, असं काकांच्या मनाने घेतलं. त्यांनी बाटल्यांच्या झाकणांवर गुपचूप केस चिकटवले, कुणी उघडलं तर तुटतील असे. दुसऱ्या दिवशी केस जागच्या जागी. म्हणजे गडी भलताच हुशार! शेवटी त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंकडे लेखी तक्रार दिली: जावई माझे नमुने बिघडवतो. ती खरी ठरली तर जावयाची नोकरी जाणार होती, आणि लेकीला सातवा महिना लागला होता. हे ठाऊक असूनही काकांनी सही ठोकली.

बाईंनी दोघांना बोलावलं. "काका, एक ठोकळा माझ्यादेखत झाडा. पाण्यात मी टाकते."

आता चोर सापडणार! काकांनी कुंचला उचलला, ओठांत धरून टोक काढलं.

"थांबा. तोंडात का घातलात?"

"थुंकीशिवाय टोक येतं होय? तीस वर्षांचा हात आहे, बाई!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, घास खूप चावला की गोड लागतो, कारण लाळ स्टार्चची साखर करते. आणि या ठोकळ्यात काय आहे?"

काकांची कानशिलं तापली. चिनीमातीच्या दाताला लाळेने कधीच काही झालं नव्हतं. त्यांनी जावयाकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"महिनाभर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही काम सोडलं असतंत. काम सुटलं की बाबा खचतील, असं ती म्हणते." जावई घुटमळला. "तुमचे ठोकळे मी निकालात धरत नव्हतो. सुट्टीच्या दिवशी येऊन तेवढे दुसरे झाडायचो."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तक्रार फाडू का?" बाईंनी विचारलं.

"नको. तिच्याखाली लिहा, बिघाड सासऱ्याच्या तोंडात होता. मी सही करतो." मग ते जावयाकडे वळले. "पोरीला तक्रारीचं सांगितलंस?"

काका आज पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करत होते.

"नाही. आणि सांगणारही नाही."

"मी सांगणार," काका म्हणाले. "आजच. मग मला घरात घ्यायचं की नाही, ते तिने ठरवावं."