दुमडलेली पटाशी

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी अंगणातली कोळशाची खोली रिकामी केली आणि सुतारकामाचं बाक मांडलं. आमच्या कोकंद शहरात चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं. आता हातानं काहीतरी घडवायचं होतं. हत्यारं आणायला जावयाला, दिलमुरादला, बरोबर नेलं. तिथंच चुकलं.

दुकानदार तुर्सुनअली त्याला आका, म्हणजे दादा म्हणत त्याच्याशीच बोलत होता. "आका, ही पटाशी बघा. परदेशी पोलाद!"

"घेणार मी आहे," मी म्हटलं.

"हो का, ओपा?" तो मला ताई म्हणत हसला. "मग तुम्हाला हलकी देतो. नाजूक हातांसाठी."

दिलमुरादला भिंतीत खिळा ठोकता येत नाही; तरी तो पारखी असल्यासारखा मुठीवर टिचक्या मारत होता. मी चार पटाश्या घेतल्या. खोटं कशाला बोलू, परदेशी शिक्का बघूनच घेतल्या.

घरी वाळलेल्या जर्दाळूच्या लाकडात खाच घ्यायला बसले, तर दहाव्या ठोक्याला धार दुमडली. वर कानस फिरवली, तर ती सरळ आत रुतली. नीट पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून बुडवून कडक केलेल्या पोलादावरून कानस घसरते, हे मी किती वर्गांना शिकवलं असेल! आणि दुकानात कानस मागायचं मला सुचलं नाही. आधी स्वतःचा संताप आला, मग तुर्सुनअलीचा.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले.

"ओपा, बायकांचा हात. ठोका तिरका पडला असेल," तो म्हणाला.

"तिरका? मग हे बघ." मी पिशवीतून कानस काढली आणि गिऱ्हाइकांसमोर त्याच्या फळीवरची एकेक पटाशी घासली. अकरा घासल्या. अकराही मऊ.

"अहो, माल खराब करताय माझा!"

"खराब मी करतेय?"

लोक हसले, तसा तो चिडला. "मला काय विचारता? लोहारआळीतल्या हमदमला विचारा! घडवतो तोच, शिक्काही तोच मारतो."

हमदम माझा विद्यार्थी. वर्गात पोलादाचा धडा चालला की सगळ्यात आधी त्याचाच हात वर. मी तडक लोहारआळी गाठली; मला बघून तो आदरानं छातीवर हात ठेवून उठला. मी दुमडलेली पटाशी ऐरणीवर आपटली.

"हे मी शिकवलं होतं तुला?"

"बाई, तुर्सुनअलीला चकचकीत माल लागतो. पाणी देण्यात वेळ घालवू नकोस म्हणाला."

"आणि खोटा शिक्का?"

त्यानं दारातल्या खुंट्यांकडे बोट केलं. मग म्हणाला, "काल तुम्ही याच दारावरून गेलात. माझ्या पटाश्या इथंच टांगलेल्या होत्या. काळ्या होत्या ना, तुम्ही मान वळवूनही पाहिलं नाहीत."

कानशिलात बसल्यासारखं झालं. पण राग उतरला नाही, उलट भडकला. "मी मूर्ख ठरले म्हणून तू चोर व्हायचं होतंस?"

त्यानं खुंटीवरची एक काळी पटाशी काढून माझ्या हातात दिली. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या पोलादाची होती. कानस तिच्यावरून किंचाळत घसरली. तिथल्याच ओंडक्यावर मी तीस ठोके मारले. धार जशीच्या तशी.

"हिच्यावर नाव का नाही?"

"माझ्या नावाला कोण विचारतं?"

"नाव टाक. त्याशिवाय मी नेणार नाही."

त्यानं घण खाली टाकला. "बाई, तुमची पेन्शन येते. तुर्सुनअलीनं काम बंद केलं, तर माझ्या घरी नान तुम्ही पाठवणार?"

मी ती पटाशी परत खुंटीला टांगली. फणफणत, रिकाम्या हातानं घरी आले. भाजी करपवली आणि बिचाऱ्या दिलमुरादवर ओरडले.

आठ दिवसांनी हमदम दारात उभा. फडक्यात गुंडाळलेल्या चार पटाश्या, आणि प्रत्येकीवर त्याचं नाव. शिक्का कोरताना अक्षरं उलटी कोरायची असतात, हे विसरला होता. त्यामुळे नाव आरशात बघावं तसं उमटलं होतं.

"तुर्सुनअलीला कळवलं, आता करणार नाही म्हणून," तो म्हणाला.

"मग?"

"त्यानं दुसरा लोहार धरला. त्याच दिवशी."

आजही तुर्सुनअलीचं दुकान भरलेलं असतं, आणि अख्ख्या बाजारात तो मला वेडी मास्तरीण म्हणतो. हमदमकडे पटाश्यांची गिऱ्हाइकं मोजकीच. बाकी तो स्वयंपाकाच्या सुऱ्यांना धार लावतो. परवा न राहवून मी विचारलं, "पस्तावतोस का रे?"

"रोज सकाळी, बाई," तो भाता ओढत म्हणाला. "दुपारपर्यंत कमी होतं."