सतरा नंबरची खुंटी

वेनियामिनने स्टुलावर चढून माळ्यावरच्या मुरंब्याच्या बरण्या एकेक करून बाजूला सारल्या. थर्मास अगदी मागे होता. तो ओढताना त्याच्याआडचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुठ्ठ्याचं पाकीटही पुढे सरकलं. आपल्या बायकोने, झिनाने, न सांगता काय दडवलंय, म्हणून त्याने कोपरा उचकटला.

आत सतरा नंबर होता.

त्याच भरघोस मिशा, छातीवर पदकांची गर्दी, तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव. तीस सेनापतींच्या छापील चित्रांचा हा संच एके काळी शाळाशाळांत टांगलेला असे. मग एका रात्रीत सतरा नंबरच्या साहेबांवर वरच्यांची मर्जी खप्पा झाली आणि लोकांनी घाईघाईने त्यांना भिंतीवरून उतरवून चुलीत घातलं. बाकीचे एकोणतीस वेनियामिनच्या घरातल्या बोळात रांगेने लटकत होते. सतराव्या खुंटीवर मात्र झिनाची बाजाराची पिशवी. दर रविवारी तो याच साहेबांना हुडकत फिरत होता.

वर्तमानपत्रावरची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती.

म्हणजे तीन वर्षं ही बाई आपल्याला येड्यासारखं हिंडवते आहे! त्याचे कान तापले.

"झिना!"

"खालच्या कपाटात बघ म्हटलं ना!" ती स्वयंपाकघरातून ओरडली. कोबीच्या कचोऱ्या तळल्याचा वास येत होता. "वर चढलास तर याद राख! पडलास तर उचलायला तुझे जनरल येणार नाहीत!"

तो उत्तर द्यायला वळला आणि हात आपसूक हनुवटीवर गेला. गुळगुळीत होती. रविवार होता ना, त्याने उजाडताच दाढी केली होती, बूटही पुसले होते.

पाच वर्षांपूर्वी याआधीचा, आरमाराचा संच पुरा झाला तेव्हा शेवटचा अॅडमिरल भिंतीवर टांगून तो सोफ्यावर आडवा झाला, तो अख्खा हिवाळा भिंतीकडे तोंड करून पडला. दाढी नाही, जेवण नाही. झिना सुपाचा वाडगा घेऊन उशाशी बसायची, "एक चमचा रे, वेन्या, माझ्यासाठी," म्हणायची. बर्फ वितळल्यावर तीच एकटी बाजारात गेली आणि एक नंबरचा सेनापती आणून त्याच्या छातीवर ठेवला. "हा एक. बाकीचे तू शोध."

त्याने पाकीट होतं तसं गुंडाळलं. बरण्याही होत्या तशा लावल्या.

"काही नाही," तो म्हणाला. "थर्मास सापडला."

ऊदेल्नायाच्या जुन्या बाजारात नेहमीच्या विक्रेत्याने, रोदिओनने, लांबूनच हात हलवला.

"वेनियामिन सावेलिच, आधी पार्टी कबूल करा! सतरा!"

मेणकापडावर, चहाच्या समोवारांच्या तोट्यांच्या शेजारी, त्याच मिशा. वेनियामिनच्या कोपरातला झिनाचा हात एकदम घट्ट झाला. इतका, की दुखलं.

त्याने भिंग काढलं. कागद, शाई, छापखान्याचं नाव, सगळं अस्सल होतं.

"नक्कल आहे," तो म्हणाला.

"नक्कल? अहो, डोळे आहेत की बटणं! माझ्या आत्याने जिवावर उदार होऊन तळघरात बटाट्यांखाली लपवलेला हा!"

"मग बटाट्यांखालीच शोभेल. कागद बघ, नंतरचा आहे." त्याने भिंग खिशात टाकलं. हातही खिशातच ठेवला.

झिनाची पकड सैल झाली. बाकावर बसून तिने पिशवीतून थर्मास काढला आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

"हा कुठे मिळाला तुला?"

"माळ्यावर."

"वर चढू नकोस म्हटलं होतं मी."

"म्हणाली होतीस खरी."

तिने थर्मासचं झाकण फिरवलं. "आणखी काय होतं तिथे?"

"मुरंबा. दुसरं काय असणार?"

डॉक्टरांनी साखर बंद केलेली, तरी तिने त्याच्या चहात तीन खडे टाकले. मग त्याचा मफलर उगाचच आवळला.

"येडा आहेस तू," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

घरी आल्यावर त्याने पिशवी सतराव्या खुंटीला अडकवली.

"पुढच्या रविवारी रुळांपलीकडच्या रांगेत बघू," तो म्हणाला. "तिकडे म्हातारे बसतात. एखाद्याकडे असेल."

"असेल की," झिना बूट काढता काढता म्हणाली. "पण मग लवकर निघायला हवं. दाढी शनिवारीच करून ठेव."