खिडकीतला पिवळा टॉवेल

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. मोठ्या शहरातल्या नदीकाठी, कठड्याला लागून एका लोखंडी खांबावर मला पक्कं बसवलेलं आहे. कारखान्यात माझी भिंगं पुसणारा म्हातारा कारागीर म्हणाला होता, "जग बघशील, पोरी!" एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही. नाणं टाकलं तरच माझा डोळा उघडतो. थोड्या वेळानं आत खट् होतं आणि तो मिटतो. बाकी सारा काळ मी नुसती ऐकत उभी.

माणसांचा हिशेब मात्र मी चोख ठेवला आहे. दोन दिवसांची सहल काढून माणसं लांबून येतात. समोर मनोरा, पूल, जुनी घरं, सगळं मांडलेलं. आणि माझ्यातून बघतात काय, तर पलीकडच्या काठावरची स्वतःच्याच हॉटेलची खिडकी! "अगं, दिवा चालूच राहिला वाटतं!" माझं कौतुकही व्हायचं, "काय स्पष्ट दिसतंय!" पण निघताना कुणी मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. रुमाल काढून डोळा पुसायचे, तोही आपलाच.

एका दुपारी सहलीच्या घोळक्यातून एक बाई लगबगीनं माझ्याकडे आल्या. तेव्हा खिशाखिशात फोन नव्हते.

"मावशी, बस सुटतेय! राजवाडा राहिलाय," गाईडनं हाक मारली.

"आलेच हो. आमचे हे खोलीवर आहेत. काल संग्रहालयाच्या पायरीवर पाय मुरगळून घेतला. वर बघत चालायची हौस! म्हणाले, तू जाऊन ये, मी खिडकीतून पिवळा टॉवेल हलवतो, पलीकडून बघ. आता मी नाही बघितलं तर हा माणूस अंधार पडेपर्यंत हलवत बसेल."

नाणं पडलं, डोळा उघडला आणि बघते तर काय! त्या हॉटेलचे सगळेच टॉवेल पिवळे! खिडकीखिडकीत वाळत घातलेले.

"अग्गं बाई, यातले आमचे कुठले?" बाई मला एकेका खिडकीवरून फिरवू लागल्या. माझा डोळा मिटायची वेळ जवळ येत होती.

तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात एक टॉवेल हलला. खिडकीची चौकट धरून, एका पायावर तोल सांभाळत एक गृहस्थ उभे होते. पण ते आमच्याकडे बघत नव्हते. खालून जाणाऱ्या बोटीला टॉवेल दाखवत होते. मग पुलाला. मग पुढच्या बोटीला. बायको नेमकी कुठे असेल ते ठाऊक नव्हतं, म्हणून बिचारे अख्ख्या शहरालाच हात करत होते. शहरातलं कुणीही वर बघत नव्हतं.

"अहो, इकडे!" बाईंनी हात उंच केला.

खट्.

"दिसले का, मावशी?"

"दिसले. पलीकडे जायची बोट कुठून सुटते?"

"अहो, पण राजवाडा?"

"राजवाड्याचा पाय थोडाच मुरगळलाय? राहील तिथेच उभा."

त्या गेल्या. मी तशीच त्या खिडकीवर रोखलेली, पण अंधारात. पोचल्या असतील का? कुणाला विचारणार?

ऊन उतरल्यावर एका तरुणानं नाणं टाकलं. खिडकी समोरच होती. ते खुर्चीत, त्या शेजारी उभ्या. दोघंही हात हलवत होती आणि या वेळी अगदी बरोबर माझ्याकडे.

"कोण आहेत हे येडे?" तरुण हसला आणि त्यानं मला मनोऱ्याकडे वळवलं.

एवढ्या वर्षांत मला कुणी हात केला तो तेवढाच. आणि मला हात नाहीत.

आता फोनमधूनच सगळं जवळ दिसतं. माझ्या नाण्याच्या फटीत कुणीतरी च्युइंगम कोंबलंय, त्यामुळे डोळा मिटलेलाच असतो. लोक माझ्यावर पिशव्या अडकवून स्वतःचे फोटो काढतात. मित्रांनो, जमलं तर ती फट साफ करा, माझी भिंगं पुसा. पण त्याआधी एक करा. लांबून कुणी हात हलवताना दिसलं, ओळखीचं असो वा नसो, तर तुम्हीही हलवा. एकदा तुमच्याकडून आणि एकदा माझ्याकडून.