दमवून घेतलेला पाना

म्हाळसाबाई दुकानाच्या पायरीवर बसली ती उठायचं नाव घेईना. राजेश्वर गावाला जाणारी शेवटची मोटार सुटायला तासभर उरला होता आणि बिदरच्या त्या हत्यारांच्या दुकानात दुकानदार जगदेवप्पा तिच्यापुढं नट आवळायचे तीन पाने मांडून कंटाळला होता. तिन्ही एकाच जातीचे. दांडा पुढं ओढला की आतला खटका नट घट्ट धरायचा, मागं घेतला की दांडा नुसता कटकटत यायचा. विहिरीत हात फिरवायला जागा नसते, तिथं पंपाचे नट असल्याच पान्यानं आवळतात.

तिचा नवरा पिराप्पा असाच नट आवळत असताना जुन्या पान्याचा खटका सुटला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरून दोन महिने झाले तरी गडी विहिरीत उतरेना. मजुरीला जातो म्हणायचा. धनगराच्या पोरानं दहा वर्षं तेलात हात घालून कमावलेली कारागिरी दोन बोटांपायी जावी, हे म्हाळसाबाईला मुळीच मान्य नव्हतं.

"अक्का, ह्यो चकचकीत घे. विलायती हाय."

"शिकंज्यात बोल्ट आवळा अण्णा. ओढून बघती."

जगदेवप्पा हसला, पण त्यानं बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात बोल्ट आवळून दिला.

मेंढी घेताना तिचा बाप लोकर चाचपत बसायचा नाही. विकणाऱ्यादेखत तिला उन्हातून कोसभर चालवायचा. पायात खोट असलेली मेंढी ताजी असताना लंगडत नाही, दमली की लंगडते. म्हाळसाबाईला पान्यातलं काही कळत नव्हतं, दमवणं मात्र चांगलं कळत होतं.

तिनं पदर खोचला. मागं कटकट, पुढं सगळ्या अंगाचा भार. चकचकीत पाना साठ वेळा नीट चालला आणि मग असा घसरला की तिचा खांदा शिकंज्यावर आपटला. दुसरा लष्कराच्या लिलावातला, जाडजूड. त्याच्यावर तिची फार भिस्त होती. त्यानं दीडशेनंतर दगा दिला.

"दुकान मोडायलीस का माझं?" जगदेवप्पा वैतागला. "मोटार जाईल तुझी."

"जाऊ द्या. सुटायचा तर इथं सुटू द्या, विहिरीत नको."

जगदेवप्पानं तिसरा पुढं सरकवला. तिसऱ्या पान्याला ना रूप ना नाव. तिनं तीनशेपर्यंत मोजलं, मग मोजणं सोडलं. मोटार गेली. तळहाताला फोड आले, फुटले, पण खटका काही सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पिराप्पानं तो पाना हातातही धरला नाही.

"कामून आणलीस? ह्यो बी सुटंल."

"सुटंपर्यंत ओढत होते. न्हाई सुटला."

"कुणी ओढला?"

तिनं दोन्ही तळहात पुढं केले. पिराप्पानं फुटलेले फोड बघितले. मग उठला, पाना उचलला आणि ईरण्णाच्या विहिरीकडं चालू लागला. तिथला पंप दोन महिने त्याच्यावाचून अडला होता.

त्याच्या कमरेचा दोर धरून म्हाळसाबाई काठावर उभी राहिली. आता मात्र ती मनातून घाबरली होती.

"डाव्या हातानं ओढा," ती वरून म्हणाली.

खाली पिराप्पानं उजव्या हाताची उरलेली बोटं दांड्याभोवती आवळली आणि सगळा भार टाकून ओढलं. नट बसला. त्यानं पाना दुसऱ्या नटाला लावला.