बसलेला दगड

“काढा तो. आजच्या आज,” निनाद कारखानीस म्हणाले, आणि गवतात कोणी घाण करून ठेवली असावी तसं त्यांनी दगडाकडे बोट दाखवलं.

दयाराम घरत हातातली पहार तशीच धरून उभा राहिला. “सायेब, हलद पुसतो ना. आता पुसतो. तेच्यात दगडाचा काय गुन्हा?”

“काका, गेला आठवडाभर रोज पुसताय तुम्ही. आज काय आहे ते बघा.”

आज नारळ होता. शेंडीसकट, दगडाच्या पायथ्याशी. शेजारी चार झेंडूची फुलं आणि विझलेली उदबत्ती. कारखानीस सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता. पण कमिटीच्या मीटिंगमध्ये त्यांची खरडपट्टी निघाली होती आणि ती आता खाली उतरत उतरत बागेपर्यंत आली होती.

“आज नारळ, उद्या पत्र्याची शेड, परवा घंटा. मग कोणाच्या बापाच्याने हलत नाही ते. इथे सगळ्या धर्मांचे लोक राहतात. तुम्हीच लावलात, तुम्हीच काढा.”

तुम्हीच लावलात. दयारामला चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा कोणी म्हणालं होतं, आणि तेही दगड काढायला सांगताना.

तो मूळचा गव्हाणचा. तरुणपणी बापाबरोबर खाडीच्या बांधांना दगड लावायचा. सिमेंट नाही, चुना नाही; दगडाला दगड असा भिडवायचा की भरतीचं पाणी येऊन जावं आणि बांध जागेवर राहावा. पुढे शेतं गेली, खाडी भराव टाकून बुजवली, बांधांचं कामच उरलं नाही. हात तेवढे शिल्लक राहिले. ते घेऊन तो पनवेलच्या नव्या सोसायट्यांमध्ये बागांचे दगड लावायला लागला, त्याला आता अठरा वर्षं झाली.

आणि अठरा वर्षं त्याचं डोकं फिरत होतं. ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये कुठल्यातरी परदेशी बागेचा फोटो. ‘काका, सेम असाच.’ असाच म्हणजे कसा, ते फोटोत दिसत नाही, कारण ते मातीच्या खाली असतं! लोकांना दगड टाकायचा असतो, लावायचा नसतो. हिरवळीवर दगड असे पडलेले असतात की टेम्पोतून सांडले आणि उचलायला कोणी आलं नाही. वर पुन्हा त्यांना पांढरा रंग.

या सोसायटीची बाग आखणारी अंकिता त्यातल्या त्यात बरी होती. कोवळी पोर, पण ऐकून घ्यायची. चार टॉवरांच्या मधे जो उतार होता त्याच्या टोकाला तिला एक मोठा दगड हवा होता. दगडवाल्या मुश्ताकच्या वखारीतून दयारामने तो स्वतः निवडला. हातोडीने ठोकून आवाज ऐकला. टण् वाजला, कुठे चीर नव्हती. काळा, एका अंगाने थोडा झुकलेला, उभा केला तर छातीएवढा येईल असा. मग दोन दिवस तो नुसता दगडाभोवती फिरत राहिला.

“काका, क्रेन उभी आहे,” अंकिता म्हणाली.

“उबी राऊं दे. आदी तेचा बूड गावला पायजे.”

दगडाला तोंड असतं, पाठ असते आणि बूड असतं. बूड नीट बसलं की तोंड आपोआप वळतं, असं त्याचा बाप सांगायचा. दयारामने तिसरा हिस्सा जमिनीत जाईल एवढा खड्डा काढला, खाली खडी ठोकून भरली, दगड उतरवला, पुन्हा उचलायला लावला, बोटभर फिरवला, पुन्हा उतरवला. शेवटी तो असा बसला की क्रेनवाल्यानेही इंजिन बंद करून एकदा नीट पाहिलं. त्या दिवशी दयाराम घरी जाऊन दोन भाकऱ्या जास्त जेवला.

घोळ झाला तो त्याच्याच बोटाने. कामाचा मुख्य दगड बसवताना खाली सुपारी आणि हळदकुंकू ठेवायचं, ही बांधावरची रीत. ती त्याने कुठेच सोडली नव्हती, कारण मातीखालचं कोणाला दिसतं? पण या वेळी बोटाला थोडं राहिलं होतं, आणि फडक्याला पुसायच्या ऐवजी बोट सवयीने दगडाच्या कपाळाला पुसलं गेलं. एवढंच. दुसऱ्या दिवशी तिथे जास्वंदीचं फूल होतं.

फूल ठेवणारी वेणू त्याला चौथ्या दिवशी सापडली. सहा घरची धुणीभांडी करणारी, साठीला टेकलेली, दोन्ही गुडघे दुखत असल्यामुळे डुलत चालणारी बाई.

“वेणूबाय, देव नाय गो तो. मी लावलाय. मुश्ताकच्या टेम्पोतशी आनलाय.”

“मंग?” वेणू म्हणाली. “देव काय चालत येतो?”

“अगो, पन ह्यो निस्ता दगड हाय.”

“ठाव हाय मला. दादा, मी हितं सकाल-सांज येते. सगला चकाचक, पन वलकीचा काय बी नाय. ह्यो एकलाच नीट बसलाय. आमचे शेताचे बांधाव माझे बापसानी येक दगड लावलेला, तो असाच बसलेला. तेला बी कोनी देव बोललेला नाय, पन वलांडून कोनी जायाचा नाय.”

दयारामला आलेला राग कुठे गेला तेच त्याला कळेना. कोणीतरी पाहिलं होतं. दगड नाही, बसणं पाहिलं होतं.

म्हणूनच तो दगड वाचावा म्हणून त्याने जंग जंग पछाडलं. वेणूला हात जोडून सांगितलं, फूल ठेवू नकोस. तिने त्या दिवसापासून ठेवलं नाही. पण तोवर ड्रायव्हरांना कळलं होतं, तेराव्या मजल्यावरच्या एका आजींना कळलं होतं. दयाराम सकाळी सहाला येऊन ब्रशने दगड घासायचा. सातला पुन्हा कुंकू. ज्याला देव करायचं नव्हतं त्याची अशी रोजची आंघोळ त्याच्याच हातून होत होती.

आणि आज नारळ.

अंकिता अकराला आली. तिचं तोंड उतरलेलं होतं. “मी खूप सांगितलं त्यांना, काका. जेसीबी बोलावतायत.”

“जेशीबी नको,” दयाराम ओरडलाच. “दात लागला तर फुटंल तो. मी काढतो.”

जो जन्मभर हलू नये म्हणून बसवला तो काढायला अख्खा दिवस लागला. बाजूची माती काढली, खडी एकेक करून उपसली. चिडून त्याने दोनदा पहार फेकून दिली आणि दोनदा स्वतःच उचलून आणली. तळाशी सुपारी सापडली. ती त्याने खिशात टाकली. संध्याकाळी दोन माणसं आणि साखळीची कप्पी लावून दगड वर आला, रोलर पाइपांवरून ढकलत गेटपाशी नेला, आणि वॉचमनच्या केबिनशेजारी आडवा झाला. मुश्ताकचा टेम्पो उद्या दुपारी येणार होता.

खड्ड्याच्या जागी काय, ते कमिटीने आधीच ठरवून ठेवलं होतं. खोक्यातून फायबरचा दगड निघाला. करड्या रंगाचा, अंगावर रंगवलेल्या चिरा, आणि पोटात स्पीकर. रोज संध्याकाळी त्यातून बासरी वाजणार. दयारामने तो एका हाताने उचलला. सवयीने बोटाच्या पेराने ठोकला. ढब्.

“काका,” अंकिता हळूच म्हणाली, “थोडा गाडा ना खाली. म्हणजे नॅचरल दिसेल.”

“तेला काय गाडाचा, बाय? तेला बूडच नाय.”

पण गाडला त्याने. दोन इंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हत्यारं न्यायला आला तेव्हा गेटवर कामवाल्या बायांचा घोळका अडकला होता. नोंदणीचं मशीन बंद पडलं होतं. केबिनपुढच्या बाकावर जागा नव्हती. दोघी जणी आडव्या दगडावर बसून चहा पीत होत्या, एकीने पिशवीही त्यावरच ठेवली होती. वेणू एक गुडघा दाबत उभी होती.

“मावशी, मशीनला अर्धा तास लागंल,” वॉचमन म्हणाला. “बसा की त्या दगडावर. जागा हाय.”

वेणूने दगडाकडे पाहिलं. मग पलीकडे हत्यारं बांधत असलेल्या दयारामकडे पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “मी उबी बरी.”

आणि मशीन सुरू होईपर्यंत, भिंतीला हात टेकून, ती उभीच राहिली.