तेलातला सूर्य

टेबलं चौदा. प्रत्येक टेबलावर एक नकाशा, एक समांतर पट्टी, एक कर्कटक आणि झाकणाचा एक दिवा. भिंतीवर तीन घड्याळं, समोर अकरा खिडक्या आणि प्रत्येक दोन खिडक्यांच्या मध्ये एक उभा पोलादी खांब. ‘दिग्बोध’ हे नौदलाचं जहाज दिशा आणि जागा काढायला शिकवण्यासाठीच बांधलेलं होतं. जहाज जिथून चालवतात तो खरा ब्रिज खालच्या मजल्यावर होता आणि त्याच्या डोक्यावर विद्यार्थ्यांची ही खोली. खालच्यांनी दीपगृह आणि रडारवरून जागा काढायची, वरच्यांनी सूर्यावरून. मग दोन्ही ताडून बघायच्या. दोन सागरी मैलांपर्यंतचा फरक चालायचा.

हिलाल पाटीलचा फरक सात मैल आला. दुसऱ्यांदा पाच, तिसऱ्यांदा साडेसहा.

“तुझा हात स्थिर नाही,” शिकवणारे कमांडर नायर म्हणाले. “आणि सेक्स्टंट झुलवत का नाहीस? जानेवारीत फेरपरीक्षा आहे. तेव्हाही हेच झालं तर तुला या शाखेतून काढून भांडार विभागात पाठवतील.”

सुट्टीवर निघताना मात्र त्यांनी स्वतःचा जुना सेक्स्टंट त्याच्या हातात ठेवला. सूर्य क्षितिजाच्या किती वर आहे, तो कोन या यंत्राने मोजतात. हिलालने धुळ्याच्या कॉलेजातून भौतिकशास्त्रात बी. एस्सी. केलेली. धान्याची पोती आणि बुटांचे जोड मोजण्यासाठी त्याने नौदल धरलं नव्हतं. हात स्थिर नसेल तर तो स्थिर करायचा, एवढंच ठरवून तो दोंडाईचा स्टेशनवर उतरला.

पण गावात क्षितिज कुठून आणायचं? चारही बाजूंना झाडं, बांध आणि वाळत घातलेल्या मिरच्यांची लालभडक पथारी. त्याने पुस्तकातला उपाय काढला. पाणी उपसायच्या इंजिनचं जळकं ऑइल परातीत ओतलं आणि वाऱ्याला आडोसा म्हणून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग लावला. काळं ऑइल आरशासारखं सपाट राहिलं आणि त्यात सूर्य उतरला. आता आभाळातला सूर्य यंत्राच्या आरशातून खाली आणायचा, तेलातल्या सूर्यावर बरोबर बसवायचा आणि जो कोन येईल त्याचा निम्मा धरायचा.

“मन्ही परात काळी करी टाकी रे तू!” आई, ताईबाई, ओरडली. “आते भाकरी काय तुन्हा जहाजमा करू?”

धाकटे काका लोटन नाना मिरच्या उलटवायचं सोडून शेजारी उकिडवे बसले. “काय रे हिलाल, सरकारनी तुले तेलमा सूर्य दखाले धाडं का?”

हिलाल हसला, पण डोळा काढला नाही. मिरचीच्या खाटाने शिंका येत होत्या. तो शिंकायचा आणि पुन्हा यंत्र लावायचा. रोज भर दुपारी एक मोजणी. शेताचा अक्षांश त्याने भूमापनाच्या नकाशावरून आधीच काढला होता. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. पहिल्या दिवशी फरक अर्ध्या मैलाचा, उत्तरेला. मग पाव मैल, दक्षिणेला. मग पुन्हा उत्तरेला. एकदाही मैलभर गेला नाही.

आनंद व्हायला हवा होता, पण तो अस्वस्थ झाला. हात जर इतका स्थिर आहे, तर जहाजावर काय बिघडतं?

नानांनीही तेच विचारलं. “आठे बठ्ठं बराबर येस ना? मंग तठे काय व्हस?”

तठे चूक दर वेळी दक्षिणेलाच पडत होती. हात थरथरला असता तर ती दोन्हीकडे पडली असती. हिलालने काडी घेऊन मातीत काटकोन त्रिकोण काढला, पुसला, पुन्हा काढला. यंत्र उभ्या रेषेतून जरा जरी कललं, डावीकडे किंवा उजवीकडे, तरी कोन मोठाच येतो. सूर्य दक्षिणेकडे असल्याने कोन मोठा आला की जागाही दक्षिणेला सरकते. इथे दोन सूर्य एकमेकांवर बसले की यंत्र आपोआप सरळच असायचं. आणि जहाजावर?

“नाना, तठे मी खांबले इचारस,” तो हळूच म्हणाला.

“खांबले? आनि खांबनी खोटं सांगं?”

“खोटं नही. पन तो बी जहाजनासंगे डुलस.”

यंत्र हातात झुलवणं त्याला गबाळेपणाचं वाटायचं. म्हणून तो दारात उभा राहून खिडकीच्या खांबाशी यंत्र समांतर धरायचा. घरी भिंत ओळंब्याने तपासतात तसं. जमीन हलत नाही, हे त्याने इथूनच सोबत नेलं होतं.

सुट्टीचे उरलेले दिवस त्याने परातीला हात लावला नाही. शेतातून दूरवर दिसणाऱ्या बांधाची रेघ हेच क्षितिज मानून तो यंत्र झुलवत राहिला. झुलवताना सूर्य एका कमानीत फिरतो. त्या कमानीच्या सगळ्यात खालच्या बिंदूला यंत्र अगदी सरळ उभं असतं, म्हणून तोच बिंदू रेघेला टेकला पाहिजे. संध्याकाळी खांदे भरून यायचे.

जानेवारीत, कोचीपासून थोड्या अंतरावर, आडव्या लाटांनी जहाज चांगलंच कलत होतं. हिलाल खोलीबाहेरच्या उघड्या सज्ज्यावर गेला. त्याने खांबाकडे पाठ केली, पाय फाकवले आणि यंत्र झुलवायला लागला. सूर्य खाली आला, कमानीत फिरला, पाण्याला टेकला. भर दुपारी आभाळातला सूर्य वर चढायचा थांबला तेव्हा त्याने कोन वाचला, टेबलापाशी जाऊन गणित केलं आणि कागद कमांडर नायरांना दिला.

खालच्या ब्रिजवरून आलेला अक्षांश नऊ अंश, अठ्ठावन्न पूर्णांक दोन दशांश मिनिटं. हिलालचा नऊ अंश, एकोणसाठ पूर्णांक एक दशांश मिनिटं. फरक शून्य पूर्णांक नऊ दशांश सागरी मैल, उत्तरेला.